बुरुलकानचा राग

जुमागुलने कॅमेरा उचलला, नाकाशी नेला आणि लेन्सवरच्या रबरी कड्याचा वास घेतला.

"अहो बाई, कॅमेरा आहे तो," टेबलामागचा दुकानदार म्हणाला. "खरबूज नाही."

आजूबाजूच्या दोन-तीन टेबलांवरचे लोक हसले. बाजाराचा हा दुसरा मजला सगळा पुरुषांचा. जुने फोन, जुने कॅमेरे, वायरींचे गुंते आणि रिकामटेकडी थट्टा. जुमागुल हसली नाही. तिने ते कडं अंगठ्याने फिरवलं, अंगठा बोटावर घासला आणि पुन्हा वास घेतला.

"कुणाचा म्हणालात हा?"

"किती वेळा सांगू? भूगोलाचे मास्तर होते एक. रिटायर झालेले. सणासुदीला नातवंडांचे चार फोटो काढायचे, बस. एरवी कपाटात."

"आणि फोटो काढण्याआधी ते मास्तर मेंढीच्या शेपटीच्या चरबीत हात बुडवायचे का हो?"

दुकानदाराने तिच्याकडे न बघता तिच्या मागे उभ्या असलेल्या मेलिसकडे बघितलं. सकाळपासून हेच चाललं होतं. पैसे तिचे, खरेदी तिची आणि उत्तरं मात्र मेलिसला. हा कॅमेरा तुमच्या बहिणीला झेपेल, हा बायकांना जड होतो, हिला म्हणावं याच्यात सगळं आपोआप होतं. तिच्या डोक्यात केव्हाची तिडीक उठली होती. मेलिस तिचा थोरला भाऊ, तिचा बाइके. बावीस वर्षं बिश्केकमध्ये तोयचे, म्हणजे घरोघरच्या समारंभांचे, फोटो काढत होता. लग्नाचे तोय, बाळाला पाळण्यात घालायचे तोय, साठीचे तोय. त्याला कॅमेऱ्यातलं कळतं म्हणूनच ती त्याला घेऊन आली होती.

"जुमागुल, पुरे आता," मेलिस हळूच म्हणाला. "लोक बघतायत."

"बघू देत, बाइके. मी तरी काय करतेय, बघतेच आहे." तिने कॅमेरा टेबलावर ठेवला. "नऊ वर्षं तोयच्या स्वयंपाकघरात बोरसोक तळतेय मी. रोज दोन पोती कणीक. चरबी ताजी की शिळी, कढईत किती वेळा तापलेली, हे मला झोपेत कळतं. ही रबरात मुरलेली चरबी आहे. ज्याचा कॅमेरा होता तो एका हाताने मटण खायचा आणि दुसऱ्या हाताने नवरीचे फोटो काढायचा. वर्षानुवर्षं. याचं बटण दोन लाख वेळा तरी दाबलेलं असणार. आणि हे म्हणतात भूगोलाचे मास्तर!"

आता कुणी हसलं नाही. दुकानदाराचे कान लाल झाले.

"हे बघ मेलिस," तो तडकून म्हणाला, "तुमचं घरचं तुम्ही मिटवा. तू म्हणालास ठेव म्हणून मी ठेवला. मला यात शंभर सोमसुद्धा सुटत नाहीत, वर ही बोलणी कशाला खाऊ?"

जुमागुलने मान वळवली. मेलिस छताकडे बघत होता, लहानपणी जाम चोरून खाल्ल्यावर बघायचा तसा.

"तुमचा आहे?" तिने विचारलं.

त्याने टोपी डोळ्यांवर ओढली.

"तुमचा जुना कॅमेरा इथे आणून ठेवलात आणि मला घ्यायला लावत होतात?"

"चांगला आहे तो," मेलिस म्हणाला. "माझी तिन्ही पोरं त्याच्यावर वाढली. परक्याला विकण्यापेक्षा घरात राहील असं वाटलं."

"मग घरात विचारायचं."

"तू घेतला असतास?"

ती जिन्याकडे चालू लागली. मेलिस मागोमाग आला. जिन्याच्या वळणावर एक बाई गरम समसे विकत बसली होती. तिच्यासमोरच जुमागुल थांबली. पर्समध्ये चोवीस हजार सोम होते. उन्हाळाभर सगळ्या लग्नांत दुपारची पाळी संपली की रात्रीचीही करून जमवलेले. तिच्या हातांवर कोपरापर्यंत तेलाने भाजल्याचे डाग पडले होते. भाऊ गोड बोलून ते पैसे काढून घेणार होता, हे तिला एवढं लागलं नसतं. लागलं होतं ते दुसरंच.

"आईच्या दगडावरचा फोटो याच कॅमेऱ्याने काढलेला ना?"

"हो," मेलिस म्हणाला. "मग काय झालं?"

"काय झालं म्हणून विचारता?"

आठ महिन्यांपूर्वी आईचं वर्षाचं जेवण झालं. घोडा कापला, सगळं गाव आलं आणि जेवणाआधी दफनभूमीत दगडावरचं कापड काढलं. काळा चकचकीत दगड, माणसाच्या उंचीचा. आता सगळेच लावतात तसा चेहरा कोरलेला. गावच्या मोल्दोने दुआ म्हणताना नजर दुसरीकडे ठेवली, चेहरे कोरणं त्याला पटत नाही, पण जेवायला तो थांबला. बायका म्हणाल्या, हुबेहूब बुरुलकान. किती शांत चेहरा, किती गोड हसू. जुमागुलने वर पाहिलं. दगडावर आई नव्हती. आईची धाकटी बहीण होती. तुर्सुनकान ताएजे, जी त्या वेळी चार पावलांवर काठी टेकून उभी होती, दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू घेऊन.

मेलिसने कुठल्याशा तोयच्या फोटोतून पांढऱ्या रुमालातली एक म्हातारी कापून दगडवाल्याला दिली होती. बहिणी शेजारीशेजारी उभ्या होत्या. त्याने चुकीची कापली.

"दोघी सारख्याच दिसायच्या," मेलिस आताही म्हणाला. आठ महिने तो हेच म्हणत होता. "कुणाच्या लक्षातही आलं नाही. तुझ्याशिवाय कुणी बोललं का?"

"आई कधी हसली होती फोटोत? एकदा तरी? आयुष्यात कितीदा हसली ते मी बोटांवर मोजून सांगेन. हसणारी ताएजे आहे, बाइके! सगळ्या जगाला माहीत आहे. आईचा राग तुम्हाला आठवत नाही? तुमच्या पाठीवर चिमटा कुणी मोडला होता?"

समसेवाली बाई उगाचच झाकण उघडून आत बघायला लागली.

"दुसरा फोटो नव्हता माझ्याकडे," मेलिस म्हणाला.

"तेच! तेच तर म्हणतेय मी!" तिचा आवाज चढला आणि तिने तो चढू दिला. "बावीस वर्षं! या शहरातल्या प्रत्येक नवरीचे हजार-हजार फोटो काढलेत. केकचे काढलेत. मोटारींना बांधलेल्या फितींचे काढलेत. आणि जिने तुम्हाला पहिला कॅमेरा घ्यायला गाय विकली, तिच्यासमोर एकदा गुडघा टेकून बसलात नाही. ती फोटोत आली ती कुणाच्या तरी मागे ताट घेऊन जाताना. आणि तीसुद्धा तुम्हाला ओळखता आली नाही!"

मेलिसने टोपी काढली, डोकं खाजवलं, टोपी परत घातली.

"आता काय करू?" तो म्हणाला. "दगड परत घडवायला पैसे नाहीत. आणि घडवला तरी कोरणार काय?"

हे खरंच होतं आणि त्यामुळे तिला आणखीच राग आला. आणि काळ थांबत नव्हता. गेल्या आठवड्यात ताएजेच्या एका डोळ्याचं ऑपरेशन झालं होतं. काल पट्टी निघाली. आज तीन वाजताच्या गाडीने ती गावी निघणार होती आणि गावात शिरताना पहिलं वळण दफनभूमीचं. नवा डोळा घेऊन म्हातारी तिथे उतरणार, बहिणीला दुआ म्हणायला जाणार आणि दगडावर स्वतःला बघणार. त्याआधी तिला सांगायला हवं होतं आणि ते जुमागुललाच सांगावं लागणार होतं. आणि सांगताना हातात काहीतरी असावं असं तिला वाटत होतं. निदान ताएजेचा तरी एक धड फोटो, तिचा स्वतःचा, समोर बसवून काढलेला. फोनवर काढलेला नव्हे. फोनवरचे फोटो दगडवाला परत पाठवतो, मोठे केले की चेहरा फाटतो म्हणून. या घरातलं आणखी एक माणूस चेहऱ्याशिवाय जाऊ द्यायचं नाही, असं तिने आठ महिन्यांपूर्वीच ठरवलं होतं.

"तुम्ही जा गाडीत बसा," ती म्हणाली. "मी घेते माझं मी."

ती परत वर गेली आणि मजल्याच्या टोकापर्यंत चालत राहिली. शेवटच्या टेबलाशी एक म्हातारी कोरियन बाई डोळ्याला भिंग लावून कुणाचा तरी कॅमेरा उघडून बसली होती. वर पाटी होती, नेल्या खेगाई, दुरुस्ती. जुमागुल समोर उभी राहिली तरी तिने काम संपेपर्यंत मान वर केली नाही. एक स्क्रू बसवला, दुसरा बसवला, मग विचारलं,

"काय काढायचंय?"

सकाळपासून हा प्रश्न तिला कुणीच विचारला नव्हता. कितीपर्यंत जाणार, एवढंच सगळ्यांनी विचारलं होतं.

"म्हाताऱ्या बायका," जुमागुल म्हणाली. "बसलेल्या. चेहरा."

"लांबून?"

"नाही. समोरून."

"मग ते लांबलचक झूम कशाला घेता? पाय आहेत ना? चालत जा जवळ." नेल्याने टेबलाखालून एक डीएसएलआर काढला. जाडजूड, कोपऱ्याचा टवका उडालेला, पकडायच्या जागचं रबर सुटून काळ्या चिकटपट्टीने बसवलेलं. पुढे बोटभर लांबीची लेन्स. "ही लेन्स पुढेमागे होत नाही. तुम्हाला पुढेमागे व्हावं लागेल. पण डोळ्यांच्या पापण्या मोजता येतील असा फोटो देते. बटण एकतीस हजार वेळा दाबलंय, कॉम्प्युटरवर दाखवते. फोकस करताना कुरकुर करतो. रात्री अंधारात नेलात तर शिव्या द्याल. वीस हजार. घासाघीस करायची असेल तर एकोणीस, त्याखाली वेळ घालवू नका, माझा आणि तुमचाही."

जुमागुलने कॅमेरा उचलला आणि नाकाशी नेला. नेल्या बघत राहिली. हसली नाही.

"कसला येतोय?"

"धुळीचा."

"धूळच आहे. पुसते."

जुमागुलने व्ह्यूफाइंडरला डोळा लावला. टेबलापलीकडे नेल्याचा चेहरा आला, भुवईवर भिंगाच्या पट्ट्याचा वळ, ओठाखाली एक तीळ. आजूबाजूचा बाजार गेला. तिने नकळत अर्धं पाऊल पुढे टाकलं.

"तोयमध्ये अर्ध्या तासात मान टाकेल हा," मागून मेलिसचा आवाज आला. तो गाडीत बसला नव्हता.

"मला तोय काढायचे नाहीत."

मेलिसने हात पुढे केला. तिने कॅमेरा दिला नाही. तो तसाच हात पुढे धरून उभा राहिला, तेव्हा नेल्यानेच कॅमेरा तिच्याकडून घेऊन त्याला दिला. मेलिसने लेन्स काढली, खिडकीकडे धरून आरपार पाहिली, आत फुंकर न मारता आरसा तपासला, कोपऱ्यातली पट्टी दाबून बघितली. या गोष्टी त्याला येत होत्या. त्याने लेन्स परत बसवली.

"आतून स्वच्छ आहे," तो म्हणाला.

"मी विचारलं नव्हतं," जुमागुल म्हणाली आणि एकोणीस हजार काढून नेल्यासमोर ठेवले.

तिच्या इमारतीखाली मेलिसने इंजिन बंद केलं, पण दार उघडलं नाही.

"तू सांगणार आहेस तिला?"

"मग कोण, तुम्ही?"

"मी सामान घ्यायला येतो नंतर."

"या," ती म्हणाली. "उचलायचं काम तुम्हाला नीट जमतं."

वर जुमागुलच्या स्वयंपाकघरात ताएजे खिडकीशी बसली होती, कोट घालून, बोचकं पायाशी. एका डोळ्यात थेंब टाकलेले होते, दुसरा अजून दुधासारखा. समोर चहाचा कप, अर्धा. ब्याऐंशी वर्षांची बाई, पण गाडीची वेळ चुकायला नको म्हणून दोन तास आधीच कोट चढवलेला.

"एवढा वेळ? मला वाटलं, कारखान्यातून बनवून आणतेयस. आणि मेलिस कुठाय?"

"खाली आहे."

"वर का नाही आला? घाबरतो का मला?"

जुमागुलने टेबल सरकवलं, स्टूल खिडकीच्या थोडं बाजूला घेतलं म्हणजे उजेड एका गालावर पडेल, आणि म्हातारीला त्यावर बसवलं. वाक्य तिने पाठ केलं होतं. ताएजे, तुम्हाला एक सांगायचंय, घाबरू नका. आधी फोटो, मग सांगू, असं तिने ठरवलं आणि कॅमेरा डोळ्याला लावला.

"हसू?" ताएजेने विचारलं.

"तुम्हाला हवं तसं बसा."

"नकोच. हसलेली आहे की एक, तिकडे. दगडावर."

जुमागुलने कॅमेरा खाली घेतला.

"तुम्हाला माहीत आहे?"

"वर्षाच्या जेवणाच्या दिवशीच कळलं. तुम्ही सगळे पंगतीला गेलात तेव्हा मी दगडाला नाक टेकवून पाहिलं. मोतीबिंदू असला तरी नाकाएवढं जवळचं दिसतं, पोरी. म्हटलं, बघू तरी माझी बहीण कशी दिसतेय. बघते तर मी!" ताएजे हसली. सोन्याचा दात चमकला.

"आणि बोलला नाहीत?"

"काय बोलू? घोडा शिजलेला, पाहुणे बसलेले. आणि तो मेलिस मागून आला आणि त्या दगडावर डोकं टेकून रडायला लागला. माझ्या तोंडासमोर आई, आई करत होता. म्हटलं, रडू दे पोराला. रडून झाल्यावर सांगू. मग राहिलंच."

"तुम्ही जिवंत आहात, ताएजे! जिवंत माणसाचा चेहरा कबरीवर! लाज नाही वाटत कुणाला? मला तर तो दगड पहारीने..."

"आठ महिने झाले. मेले का मी?" म्हातारीने चहाचा घोट घेतला. "मला त्याचा राग नाही आला. राग आला तो त्या बायकांचा. काय तर म्हणे, किती शांत बाई होती बुरुलकान! शांत? तिच्या दारावरून जाताना गावची कुत्री भुंकायची थांबायची. सामूहिक शेतीच्या अध्यक्षाला तिने दुधाची बादली फेकून मारली होती. मला सात वेळा घरातून हाकललं आणि आठ वेळा परत बोलावलं. आणि दोन वर्षांत तिला शांत करून टाकली मेल्यांनी!"

बोलता बोलता तिचा आवाज चढला होता. जुमागुलच्या डोळ्यांत पाणी आलं आणि तिने ते बाहीने रागारागाने पुसलं.

"चेहरा आमचा एकच आहे, गं," ताएजे म्हणाली. "त्यात मेलिसची काय चूक. फरक काय तो रागाचा. थांब जरा."

तिने डोक्यावरचा रुमाल सोडला. ती स्वतः तो हनुवटीखाली सैल बांधायची. आता तिने बुरुलकानसारखी दोन्ही टोकं मागे नेली, मानेवर करकचून गाठ मारली, कपाळावरची कड भुवयांपर्यंत खाली ओढली. कप लांब ढकलला. पाठ ताठ केली. खालचा ओठ वरच्या ओठाने दाबून धरला, उजवी भुवई खाली आणली आणि हनुवटी पुढे काढली.

"दगडाची मागची बाजू कोरी आहे ना?" ती ओठ फारसे न हलवता म्हणाली. "तिथे हा कोरायला सांग. आणि पैसे मेलिसकडून घे. काढ लवकर. मला फार वेळ नाही जमत."

जुमागुलने व्ह्यूफाइंडरला डोळा लावला. लेन्स कुरकुरली. चेहरा अस्पष्ट होता, मग स्पष्ट झाला. ती एक पाऊल पुढे गेली, आणखी अर्धं पाऊल. बटणावर बोट होतं, पण दाबवेना.

"काय बघत उभी राहिलीस माझ्या तोंडाकडे?" समोरून आवाज आला, खालच्या पट्टीतला, खरखरीत. "तिकडे दूध गेलं ना उतू!"

जुमागुल गर्रकन वळली आणि गॅसकडे धावली. हात शेगडीच्या बटणापर्यंत पोचलासुद्धा. शेगडीवर काहीच नव्हतं.

ती परत फिरली, कॅमेरा डोळ्याला लावला आणि बटण दाबलं.